आमच्या तुकोगंजातली चैत्रगौर

१९७९ची गोष्ट. तुकोगंजात भाड्याच्या दोन खोल्या, दोन लहान मुलं आणि बँकेतला एक पगार.

१९४८ला होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९५६ला मध्य प्रदेश झाला. शाळा हिंदी, मराठी उरलं ते घरात नि सणांत. रंगपंचमी आमची फाल्गुन वद्यातली, हिंदी शेजाऱ्यांची चैत्रातली. दिवस मात्र तोच! राजवाड्याला गेर बघायला जायच्या आदल्या रात्री पळसाची फुलं भिजत घालायची. केशरी रंग, तोही फुकट.

मग चैत्र शुद्ध तृतीयेला गौर. ट्रंका नि डबे रचून पायऱ्या, वर जुनी साडी. धाकटी रडायला लागली, "दुकानातली बाहुली हवी." नेमकी महिनाअखेर. सौ.ने डाळीसाठी कैरी किसता किसता उठून माझ्या आईच्या लुगड्याचा काठ कापला. आई आदल्याच वर्षी गेलेली, तेवढं एकच लुगडं उरलेलं. मी चिडलो, नको ते बोललो. ती म्हणाली, "ट्रंकेत ठेवून कोण बघणार आहे?"

चिंध्या भरून बाहुली झाली, डोळे काजळाचे. अक्षय्य तृतीयेपर्यंत गौरीशेजारी बसली. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला धाकटी सांगत होती, "ही आमची आजी."