एलिमेंट्स ऑफ एआय

एलिमेंट्स ऑफ एआय : तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणारा विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम. हेलसिंकी विद्यापीठ व रिअ‍ॅक्टर कंपनी यांनी तो २०१८ मध्ये फिनलंडमध्ये सुरू केला. देशातील एक टक्का लोकांपर्यंत पोहोचणे हे आरंभीचे उद्दिष्ट होते. पहिल्या भागाला प्रोग्रॅमिंग लागत नाही, शालेय गणित पुरते. कोल्हा, कोंबडी व दाणे नदीपार नेण्याच्या कोड्यातून ‘शोध’ ही मूलभूत संकल्पना उलगडते : शक्य त्या सर्व स्थिती कागदावर मांडायच्या, निषिद्ध स्थिती खोडायच्या, उरलेल्यांतून वाट काढायची. नको असलेले ईमेल शब्दांच्या संभाव्यतेवरून ओळखले जातात (पहा : बेझ प्रमेय). पुढे यंत्र-अध्ययन, न्यूरल नेटवर्क (पहा) आणि सामाजिक परिणाम येतात. २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद सांभाळताना फिनलंडने तो संघाच्या सर्व अधिकृत भाषांत उपलब्ध करण्याची घोषणा केली.