स्प्लेंडरच्या हेडमधून ऑइल गळतंय? पॅकिंग बदलायच्या आधी गळती नेमकी कुठं आहे ते शोधा

गावोगावी आजही जुन्या हिरो होंडा स्प्लेंडर धावतात. दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची पोरं, सगळं त्याच गाडीवर. 1994 साली आलेल्या या गाडीचं 97.2 सीसीचं इंजिन दणकट आहे, यात वाद नाही. पण गाडीला पंधरा-वीस वर्षं झाली की इंजिनाच्या पुढच्या तोंडाला ऑइल दिसायला लागतं. मग कुणी एम-सील थापतं, कुणी पान्याला पाइप लावून नट आवळतं, तर कुणी थेट हेड खोलायला सांगतं. खरं तर बऱ्याच वेळा दुखणं थोडक्या पैशांच्या रबरी रिंगेचं असतं.

आधी दुर्लक्ष का करू नये ते सांगतो. या इंजिनात ऑइल साधारण लिटरभरच असतं आणि जुन्या स्प्लेंडरला ऑइल कमी झाल्याचा दिवा नाही. थेंब थेंब करत पाव लिटर कमी झालं तरी गाडी काही बोलत नाही. बोलते तेव्हा पिस्टन धरलेला असतो आणि खर्च बोअर-पिस्टनपर्यंत जातो. नुसता ओलसरपणा असेल, धूळ चिकटत असेल, तर घाई नाही. पण रात्री उभ्या केलेल्या गाडीखाली सकाळी डाग दिसत असेल, तर ते काम पुढं ढकलू नका.

गळती शोधायची कशी

स्प्लेंडरचं इंजिन जवळपास आडवं असतं. म्हणजे हेडचं कव्हर वर नसून पुढच्या चाकाकडे तोंड करून असतं. चाकाचा चिखल तिथंच बसतो आणि गाडी पळताना वारा ऑइलला मागं ढकलतो. त्यामुळं ऑइल निघतं पुढून आणि ओला दिसतो मागचा ब्लॉक. इथंच बरेच जण फसतात आणि ब्लॉकचं पॅकिंग बदलून बसतात.

म्हणून इंजिन थंड असताना डिझेल आणि जुन्या ब्रशने हेडचा सगळा भाग स्वच्छ करा. कापडाने पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या, मगच गाडी चालू करा. वरून तोंडाला लावायची पावडर हलकी भुरभुरा. गाडी उभ्या जागी दहा मिनिटं चालवा, नंतर गावात एक चक्कर मारा. पावडर जिथं सगळ्यात आधी काळपट ओली होईल, तिथं गळती. उजेड कमी असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून खालच्या बाजूनं बघा.

संशयाच्या जागा मोजक्याच. हेडच्या वरच्या आणि खालच्या बाजूला टॅपेटच्या दोन गोल टोप्या, डाव्या बाजूचं गोल झाकण आणि पुढचं हेड कव्हर. त्यातही पहिला संशय खालच्या टोपीवर घ्या. तिच्यावर ऑइल कायम साचून असतं आणि शेजारीच सायलेन्सरचा पाइप तापतो, त्यामुळं तिची ओ-रिंग लवकर कडक होते.

टोपीची रिंग बदलणं घरी जमण्यासारखं आहे. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. टोपीभोवतीचा चिखल आधी काढा, नाहीतर तोच आत पडेल. 17 चा रिंग पाना लावा, पकड किंवा छिन्नी-हातोडा नको. खालची टोपी उघडताना थोडं ऑइल सांडेल, खाली डबा ठेवा. जुनी रिंग चपटी झालेली असेल किंवा वाकवल्यावर तुटत असेल तर तीच दोषी. दुकानात जाताना तीच नमुना म्हणून न्या. खाचेतली रिंग काढायला काडी वापरा, स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा ॲल्युमिनियमवर उठला की नवी रिंगही गळते. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावा, टोपी आधी हाताने फिरवून आटे बसल्याची खात्री करा आणि मग पान्याने बेताने आवळा. रिंग दाबली गेली की झालं. जोर लावून गळती थांबत नाही, आटे मात्र जातात.

हेड कव्हरचं काम वेगळं

पावडर पुढच्या कव्हराच्या कडेला ओली झाली, तर मात्र थांबा. पल्सर किंवा युनिकॉर्नसारख्या गाड्यांचं कव्हर वेगळ्या बोल्टांवर असतं, ते काढलं तरी हेड हलत नाही. स्प्लेंडरच्या कव्हराचे चार नट मात्र हेड आणि ब्लॉकलाही धरून ठेवतात. ते सैल केले की आतल्या हेड पॅकिंगवरचा दाब सुटतो, आणि एकदा दाबलेलं पॅकिंग पुन्हा नीट बसेलच असं नाही. म्हणून ‘फक्त वरचं पॅकिंग बदलून द्या’ असं मेकॅनिकला सांगू नका. हेड पॅकिंगही नवं आणून ठेवा आणि खर्च आधीच बोलून घ्या.

काम समोर उभं राहून करून घेतलेलं बरं. नट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण चारही नट आणि वॉशर सारखे नसतात आणि अदलाबदल झाली तर तिथूनच ऑइल येतं. जुन्या पॅकिंगचे कागद खरवडताना तुकडे आत पडू देऊ नका. अनाबॉन्डसारखं सोल्युशन थापायचा आग्रह तर अजिबात धरू नका. जास्तीचं सोल्युशन आत सुटतं आणि हेडकडे ऑइल नेणारी अरुंद वाट बंद करतं. मग कॅम आणि रॉकर कोरडे पडून टकटक सुरू होते. नट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळले पाहिजेत.

नवं पॅकिंग टाकूनही महिन्याभरात पुन्हा गळती आली, तर इंजिनाची ब्रीदरची रबरी नळी बघा. ती मुडपली असेल, चिखलाने भरली असेल किंवा कुंभारीण माशीने तिच्यात घर केलं असेल, तर आतला दाब कोंडतो आणि मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो. नळी मोकळी आहे, पण सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर रिंगा झिजल्यात. तिथं पॅकिंगचा इलाज चालत नाही.

काम झाल्यावर गाडी डबल स्टँडवर लावा, तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटांनी ऑइल मोजा. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. आवळली तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. आठवडाभराने पुन्हा एकदा हेडवर कोरडं कापड फिरवून बघा.