भुकेचा हिशोब

मोहरममध्ये आपल्याकडे खिचडा शिजतो. गहू, जव, डाळी मंद आचेवर तासन्‌तास. असाच एक खिचडा, मात्र बिनगोश्ताचा, सव्वादोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या म्युनिक शहरात रोज गरिबांसाठी शिजायचा. तो शिजवणारा माणूस होता शास्त्रज्ञ: बेंजामिन थॉम्पसन उर्फ काउंट रम्फर्ड. जन्म अमेरिकेतला, निष्ठा इंग्रजांशी, चाकरी बव्हेरियाच्या इलेक्टरची.

१ जानेवारी १७९० रोजी त्याने सैन्याच्या मदतीने म्युनिकमधले भिकारी धरायला सुरुवात केली. त्यांना कामशाळेत नेऊन सूत कातायला, सैनिकांचे कपडे शिवायला लावलं. इथे भीक घेतली जात नाही, अशी सोनेरी अक्षरांतली पाटी तिथे होती. काम करणाऱ्याला जेवण मिळे. जव, वाटाणे, बटाटे, मीठ, व्हिनेगर आणि शिळ्या पावाचे तुकडे. बटाट्याला तेव्हा लोक नाकं मुरडत, म्हणून सुरुवातीला तो ओळखू येणार नाही इतका शिजवून गुपचूप घातला जाई. पाव मात्र शेवटी, मऊ पडू नये म्हणून. चावून खाल्लं की खाण्याचा आनंद जास्त वेळ टिकतो, असं रम्फर्डचं म्हणणं. ही गोष्ट मला फार आवडते. गरिबालाही चव लागते, हे किती अधिकाऱ्यांच्या लक्षात येतं?

जळण वाचावं म्हणून त्याने बंदिस्त चुली बांधल्या. ते शास्त्र अस्सल होतं. पण एका वाढपात घन अन्न पावणेदोनशे ग्रॅमच्या आतच, बाकी पाणी. एवढ्यावर पोट कसं भरतं? त्याने निष्कर्ष काढला की पाणीच शिजून अन्न बनतं! हे साफ चूक होतं. पोट भरल्यासारखं वाटणं वेगळं, अंगाला लागणं वेगळं.

गरीब माणूस कमीत कमी किती खर्चात जगेल, हा प्रश्न पुढे आपल्या दारातही आला. १८७७ च्या जानेवारीत, दख्खनच्या दुष्काळात, सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दीड पौंड धान्यावरून एका पौंडावर आणण्याचा आग्रह धरला. वर थोडे पैसे. दिवसभर खडी फोडायची आणि साडेचारशे ग्रॅम धान्य. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी आहारशास्त्राच्याच आधारे विरोध केला: कष्ट करणाऱ्या शरीराला एवढं पुरत नाही.

आणि मुंबई इलाख्यात? आपल्या भागातल्या हजारो मजुरांनी ते काम सोडलं. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. मद्रासमध्ये पुढे मजुरी वाढली, तोवर असंख्य माणसं गेली होती.