सुवर्णदुर्गाच्या तटावरून, १७५५

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव ऐन रंगात असतो. त्या गलबल्याकडे पाठ करून समोरच्या बेटाकडे निघा. होडीचं इंजिन थांबून वल्ही पाण्यात पडली, की तुम्ही १७५५ च्या एप्रिलमध्ये आहात.

महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय. त्यावर हात ठेवा, दगड उन्हानं तापलाय. आत माणसं भरली आहेत, बायका, पोरं, खलाशी. घरांवर वाळलेली झापं. हा मुलूख तुळाजी आंग्र्यांचा. १७२९ साली कान्होजी गेले आणि पुढे भावाभावांत दौलत फाटली. कुलाबा मानाजींकडे राहिला, सुवर्णदुर्गापासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा आधी संभाजींकडे, मग तुळाजींकडे आला. त्यांचं दस्तक घेतल्याशिवाय या पाण्यातून जाणं जोखमीचं, मग जहाज इंग्रजांचं का असेना. पण तुळाजी पुण्यालाही जुमानत नाहीत.

तटावर चढा. पश्चिमेला कमोडोर जेम्सचं ‘प्रोटेक्टर’ उभं आहे, ४४ तोफांचं. आणखी लांब, तोफेच्या टप्प्याबाहेर, बरीच गलबतं दिसताहेत. शेजारचा गोलंदाज डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत राहतो.

“अहो, ही तर आपलीच!”

आपलीच आहेत. मार्चमध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केलाय, तुळाजींना बुडवायचा.

पहिल्या दिवशी तट दाद देत नाही, या अंगाला सगळा कातळच आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी जेम्स जहाज आतल्या अंगाला, बेट आणि किनारा यांच्या मधे आणतो. एका बाजूच्या तोफा तुमच्यावर, दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्यावर. एक गोळा झापांवर पडतो. चैत्रातली वाळकी झापं ती, विझवायला जावं तर जहाजावरून बंदुका चालू. आग घराघरावरून सरकत दारूकोठारापर्यंत पोचते, आणि मग पायाखालचा तट हलतो. कान बधिर होतात.

सगळे पाण्याकडे धावतात. सात-आठ होड्यांत कितीशी माणसं मावणार? बाया पोरांना वर उचलून धरताहेत.

वाचकहो, मला इंग्रजांपेक्षा लांब उभ्या असलेल्या त्या गलबतांचा राग येतो. तुळाजी कितीही अडेल असोत, कान्होजींनी जन्मभर उभं केलेलं बळ ते. पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजींचं आरमार जळालं, ते स्वतः पेशव्यांच्या कैदेत गेले आणि मरेपर्यंत सुटले नाहीत. तसल्या ताकदीचं आरमार मराठ्यांकडे पुन्हा झालं नाही.

परतताना होडी गोवा किल्ल्याच्या रोखानं घ्यायला सांगा. मधलं पाणी काही मिनिटांचं. त्या माणसांना तिकडेच जायचं होतं. इंग्रजांनी त्यांना वाटेतच धरलं.