वाहिनीसमूह (बुके)

वाहिनीसमूह : सशुल्क दूरचित्रवाणीच्या अनेक वाहिन्या एकत्र बांधून त्या सर्वांची मिळून एकच मासिक वर्गणी आकारण्याची पद्धती, तसेच अशा रीतीने बांधलेला वाहिन्यांचा संच. व्यवहारात त्यास ‘बुके’, ‘पॅक’ वा ‘पॅकेज’ म्हणतात. जी एकटीच विकत घेता येते ती सुटी वाहिनी. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील व्यवस्थेचा परामर्श घेतला आहे.

तत्त्व : कार्यक्रमनिर्मितीचा खर्च एकदाच होतो आणि एक प्रेक्षक वाढल्याने त्यात जवळजवळ भर पडत नाही, हे या पद्धतीचे मूळ होय. एका घरास क्रिकेटची वाहिनी 15 रुपये व मालिकांची 5 रुपये मोलाची वाटत असेल आणि शेजारच्या घराचा कल नेमका उलट असेल, तर दोन्ही वाहिन्या सुट्या, प्रत्येकी 15 रुपयांस विकल्याने एकूण 30 रुपये हाती येतात. त्याच एकत्र बांधून 20 रुपयांस दिल्या, तर दोन्ही घरे त्या घेतात व 40 रुपये वसूल होतात. चित्रपटांच्या गठ्ठाविक्रीसंबंधी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1963 मध्ये हेच विवेचन केले होते. शिवाय समूहामुळे वाहिनी अधिक घरांत पोहोचते व जाहिरातींचे उत्पन्न वाढते. ग्राहकाचा आक्षेप असा, की न पाहिलेल्या वाहिन्यांचेही मोल त्यास चुकते करावे लागते.

पूर्वपीठिका : केबल दूरचित्रवाणी जाळ्यांच्या नियमनाचा अधिनियम 1995 चा, तथापि ॲनालॉग तारेतून सर्व वाहिन्या सर्वांकडे सारख्याच जात असल्याने ग्राहकाच्या निवडीस अवकाशच नव्हता. सेट टॉप बॉक्सद्वारे निवड शक्य करणारी ‘कॅस’ योजना 2003 मध्ये चेन्नईत अंमलात आली. पुढे मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील अधिसूचित भागांत ती लागू करताना सुट्या सशुल्क वाहिनीस दरमहा कमाल 5 रुपये व किमान 30 निःशुल्क वाहिन्यांच्या मूलभूत संचास कमाल 77 रुपये असे दर ठरवण्यात आले. 2011 च्या कायदेदुरुस्तीनंतर देशभर टप्प्याटप्प्याने डिजिटल वितरण सक्तीचे झाले.

2017 चा दरहुकूम : भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) 3 मार्च 2017 रोजी काढलेल्या हुकमाने वितरकाचे जाळेशुल्क (वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचा आकार) वाहिनीच्या किमतीपासून अलग केले. 100 साध्या वाहिन्यांपर्यंत, कर वगळता, 130 रुपये ही या शुल्काची कमाल मर्यादा होती. प्रत्येक वाहिनीची सुटी किंमत जाहीर करणे प्रसारकावर बंधनकारक झाले; सशुल्क व निःशुल्क वाहिन्या एका समूहात मिसळण्यास, तसेच एकाच वाहिनीच्या साध्या व उच्च-स्पष्टता अशा दोन्ही आवृत्त्या एकत्र बांधण्यास मनाई झाली; आणि 19 रुपयांहून अधिक किमतीच्या वाहिनीस समूहाचे दार बंद झाले. प्रसारकांनी या हुकमास आव्हान दिले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 30 ऑक्टोबर 2018 रोजी प्राधिकरणाचा अधिकार मान्य केला आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून नवी व्यवस्था अंमलात आली.

सवलतीचा वाद : सुट्या किमतींच्या बेरजेहून समूह किती स्वस्त असावा, या प्रश्नावरच सर्व झगडा केंद्रित झाला आहे; कारण सवलत अवाजवी असेल तर सुटी वाहिनी निवडण्याची मुभा केवळ कागदावर उरते. प्रसारकांच्या समूहावरील सवलत 15 टक्क्यांपर्यंत मर्यादित करणारी मूळ तरतूद मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केली व ती पुन्हा अस्तित्वात आली नाही. 1 जानेवारी 2020 च्या दुरुस्तीने समूहप्रवेशाची किंमतमर्यादा 12 रुपयांवर आणली आणि दोन अटी घातल्या : सुट्या किमतींची बेरीज समूहाच्या किमतीच्या दीडपटीहून अधिक नसावी, म्हणजे सवलत एक तृतीयांशापलीकडे जाऊ नये, तसेच कोणत्याही वाहिनीची सुटी किंमत त्या समूहातील सरासरी दराच्या तिपटीहून अधिक नसावी. मुंबई उच्च न्यायालयाने 30 जून 2021 च्या निवाड्यात पहिली अट ग्राह्य धरली व दुसरी रद्द केली. 22 नोव्हेंबर 2022 च्या दुरुस्तीने मर्यादा पुन्हा 19 रुपये व कमाल सवलत 45 टक्के झाली. त्यानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये वाढीव दरांच्या नव्या करारांवर सह्या न करणाऱ्या केबल वितरकांचे प्रक्षेपण काही प्रसारकांनी काही दिवस बंद ठेवले. दरवाढीचा दोष कोणाचा, याविषयी उभय पक्षांच्या कैफियती जुळत नाहीत.

मराठी वाहिन्या : झी मराठी (स्थापना 1999, अल्फा मराठी या नावाने), स्टार प्रवाह (2008), कलर्स मराठी व सोनी मराठी या प्रमुख मनोरंजन वाहिन्या बहुभाषी प्रसारकांच्या असून त्यांच्या भाषावार समूहांत समाविष्ट होतात.

अन्य देश : कॅनडात 2016 पासून कमाल 25 डॉलरचा मूलभूत संच व सुटी निवड देणे वितरकांस सक्तीचे आहे.

सद्यःस्थिती : जुलै 2024 च्या दुरुस्तीने जाळेशुल्कावरील कमाल मर्यादा उठवली व वितरकांनी स्वतः बांधलेल्या समूहांवरील सवलतीची मर्यादा 15 वरून 45 टक्के केली, समूहात येणाऱ्या वाहिनीच्या किमतीवरील 19 रुपयांची मर्यादा मात्र तिने कायम ठेवली.