स्थलांतरित पूर्वजांचा शोध : खान्देशातील कौटुंबिक व गावपातळीवरील नोंदींचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना

खान्देशातील गावांचा सामाजिक इतिहास हा मोठ्या प्रमाणात स्थलांतराचा इतिहास आहे. तापी, पांझरा, अनेर व अरुणावती या नद्यांच्या काठी वसलेल्या गावांमध्ये आज अनेक पिढ्यांपासून राहणारी असंख्य कुटुंबे आपले मूळ अन्यत्र असल्याचे सांगतात. कोणी गुजरातचे नाव घेतो, कोणी माळवा-निमाडचे, कोणी राजस्थानचे, तर कोणी घाटापलीकडील दक्षिण महाराष्ट्राचे. १८०२ मधील लष्करी धुमाकूळ आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांमुळे खान्देशातील अनेक गावे ओस पडली होती. १८१८ मध्ये ब्रिटिश सत्ता आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या कारकिर्दीपासून पडीक जमिनी लागवडीखाली आणण्याचे प्रयत्न झाले व बाहेरून येणाऱ्या शेतकरी कुटुंबांना येथे वाव मिळाला. १८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्याला लोकस्मृतीत 'छप्पन्याचा दुष्काळ' म्हटले जाते, पुन्हा एकदा माणसे हलली.

तथापि 'आमचे पूर्वज बाहेरून आले' या कौटुंबिक कथनाला पुरावा कोणता, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणाऱ्या नोंदींचे स्वरूप, त्यांच्या मर्यादा आणि त्यांची परस्पर पडताळणी यांचा विचार शिरपूर परिसराच्या अनुषंगाने केला आहे. आयर्लंड व मॉरिशस येथील स्थलांतरितांच्या नोंदींशी तुलना करून काही पद्धतिशास्त्रीय निष्कर्षही मांडले आहेत.

तुलनात्मक पार्श्वभूमी

स्थलांतरित पूर्वजांच्या शोधाचे जगातील सर्वपरिचित उदाहरण आयर्लंडचे आहे. १८४५ ते १८५२ या काळातील बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली व त्याहून अधिक देशाबाहेर गेली. त्यांचे वंशज आज अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथून आपल्या मूळ गावाचा शोध घेतात. परंतु ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिन येथील सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि एकोणिसाव्या शतकातील जनगणनेचे उरलेले कागद बहुतांशी नष्ट झाले. त्यामुळे संशोधकांना करआकारणीसाठी १८४७ ते १८६४ या काळात तयार झालेल्या 'ग्रिफिथ मूल्यांकना'च्या याद्यांवर मोठी भिस्त ठेवावी लागते. जमिनीवर कर बसविण्यासाठी केलेली यादी कालांतराने कुटुंबाच्या इतिहासाचे साधन बनली. नोंद ज्या हेतूने केली गेली, त्याहून वेगळ्याच कामी ती आली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठी भाषकांच्या बाबतीत याला समांतर उदाहरण मॉरिशसचे आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर तेथे नेले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात पोहोचली. त्यांपैकी मुंबई बंदरातून गेलेल्यांचा हिस्सा कलकत्ता व मद्रास यांच्या तुलनेत लहान असला, तरी रत्नागिरी व आसपासच्या जिल्ह्यांतील मराठी माणसे त्यात होती. मजुराचा क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, जात, उंची, जहाज, जिल्हा व गाव अशी माहिती नोंदविणारी रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. मळ्यावरून पळून जाणाऱ्या मजुराला ओळखता यावे, हा त्या नोंदींमागील एक हेतू होता. आज मात्र पणतू त्याच नोंदीत आपल्या पणजोबांचे गाव शोधतो. परक्या कारकुनाने कानाने ऐकून रोमन लिपीत लिहिलेले गावाचे नाव मराठी उच्चाराने पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय ते ओळखू येत नाही. मॉरिशसच्या मराठी समाजात टिकून राहिलेले झाकरी नृत्य कोकणातील जाखडीशी नाते दाखविते. अशा वेळी लोककलाही कागदाला पूरक साक्ष देते.

खान्देशातील स्थलांतरिताला समुद्र ओलांडावा लागला नाही, म्हणून त्याच्या प्रवासाचे रजिस्टर कोणी ठेवले नाही. त्याचा माग निराळ्या साधनांतून काढावा लागतो. ही साधने दोन वर्गांत विभागता येतात.

समाजाने ठेवलेल्या नोंदी

पहिले साधन म्हणजे भाटांच्या वह्या. गुजर, लेवा, राजपूत अशा गुजरात-राजस्थानशी नाते सांगणाऱ्या समाजांत वंशावळ सांगणारे भाट परंपरेने यजमानांच्या गावी येतात, जुनी वही वाचून दाखवितात आणि नव्या पिढीची नावे तीत लिहून घेतात. या वह्यांत पूर्वजांचे मूळ गाव, कूळ व शाखा यांचा उल्लेख सापडतो. काही वह्यांत सुनांच्या माहेरचे कूळही नोंदलेले असते. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक सीमाभागात हेच कार्य हेळवी करतात. मात्र यजमानाच्या दक्षिणेवर भाटाचा निर्वाह होत असल्याने वंशाचा आरंभ एखाद्या राजकुळाशी जोडण्याकडे कल असतो. म्हणून वहीचा प्राचीन भाग परंपरा म्हणून आणि अलीकडील पाच-सहा पिढ्यांचा भाग पुरावा म्हणून वाचणे इष्ट ठरते.

दुसरे साधन तीर्थोपाध्यायांच्या नामावळीचे होय. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे श्राद्धादी विधींसाठी जाणाऱ्या यजमानाचे नाव, गाव, वडील-आजोबा, भाऊ व मुले यांची नोंद उपाध्याय आपल्या वहीत करून घेतात. अनेकदा यजमान स्वतःच्या हस्ताक्षरात मजकूर लिहितो. या नोंदीचा विशेष असा की, ती लिहिली गेली तेव्हा नोंदविणाऱ्याला त्यातून जमीन वा अधिकार मिळवायचा नव्हता. शिवाय कुटुंब दुसऱ्या गावी गेले तरी उपाध्याय सहसा तेच राहतात. त्यामुळे 'पूर्वी राहणार अमुक, हल्ली राहणार तमुक' असा उल्लेख, जो सरकारी दप्तरात क्वचितच मिळतो, तो येथे मिळू शकतो. या प्रकारच्या वह्यांचे महत्त्व परदेशी संशोधकांनीही ओळखले असून अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केले.

तिसरे साधन कुलदैवताचे आहे. म्हसदीची धनदाई, पाटणची आशापुरी, धुळ्याची एकवीरा या देवस्थानांशी अनेक कुळांचा संबंध आहे. कुलदैवत दूरच्या प्रदेशातील असेल, तर ते कुटुंबाच्या जुन्या वसतिस्थानाकडे बोट दाखविते. हे साधन दिशा दाखविते, निश्चित काळ मात्र सांगत नाही.

शासनाने ठेवलेल्या नोंदी

ब्रिटिश काळातील महसूल व्यवस्थेने नोंदींचा दुसरा वर्ग निर्माण केला. खान्देशात महसुली मोजणीला १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला होता. कर वाढेल, ही त्यांची भीती होती. पुढे याच मोजणीतून निर्माण झालेली कागदपत्रे त्यांच्या वंशजांसाठी पूर्वजांच्या वास्तव्याची साक्ष ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत आली आणि फेरफार व वारस नोंदी नियमित होऊ लागल्या. खातेदार मृत्यू पावल्यावर त्याची पत्नी, मुले व मुली यांची नावे वारस नोंदीत येतात. त्यामुळे एका कागदावर दोन पिढ्यांची सांगड मिळते.

परंतु हक्कनोंदीत स्थान मिळण्यासाठी जमीन असावी लागते. शेतमजूर, कारागीर व भटक्या कुटुंबांचा तेथे उल्लेख नसतो. नामावळीही तीर्थयात्रेची ऐपत असणाऱ्यांचीच अधिक असते. सातपुड्यातील भिल्ल व पावरा कुटुंबांकडे बहुधा यांपैकी काहीच नसते. अशा कुटुंबांसाठी गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजेच गाव नमुना १४ किंवा सर्वपरिचित 'कोतवाल बुक', हे सर्वांत मोलाचे साधन होय. जन्म आणि मृत्यू यांना जमिनीची अट नसल्याने गावातील गरिबातल्या गरिबाची नोंद येथे सापडण्याची शक्यता असते. तिची उणीव अशी की, बाळाचे बारसे होण्यापूर्वीच नोंद होत असल्याने 'अमुक यास मुलगा झाला' एवढाच मजकूर पुष्कळदा आढळतो. तो मुलगा कोणता, हे ठरविण्यासाठी प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे लागते. त्यात जन्मगाव व पूर्वीची शाळा यांचे रकाने असल्याने कुटुंबाच्या स्थलांतराचा धागाही मिळतो. मात्र १ जून ही जन्मतारीख शाळेच्या सोयीसाठी लिहिलेली असू शकते, याचे भान ठेवावे लागते.

वाचनातील अडचणी

या नोंदी वाचताना तीन अडचणी प्रामुख्याने जाणवतात. पहिली अडचण नावांची आहे. पाटील, महाजन, चौधरी, देशमुख ही आडनावे पदावरून आलेली असून ती अनेक जातींत आढळतात. त्यातच जुन्या नोंदीत आडनाव नसणे, केवळ 'नथू वलद धोंडू' असा उल्लेख असणे हे नित्याचे आहे. गावांच्या बाबतीतही बुद्रुक-खुर्द आणि प्रगण्याच्या नावाने ओळखली जाणारी एकाच नावाची गावे गोंधळ निर्माण करतात.

दुसरी अडचण कालगणनेची आहे. भाटाच्या वहीत विक्रम संवत, नामावळीत शके आणि जुन्या महसुली कागदात फसली सन असतो. संवत १९५६, शके १८२१ व फसली १३०९ ही तिन्ही वर्षे १८९९ च्या अखेरीस एकत्र येतात, हे ठाऊक नसल्यास एकच प्रसंग तीन वेगळ्या काळांत विभागला जातो. तिसरी अडचण लिपीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे अनेक कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणाऱ्यांची संख्या अल्प आहे.

या अडचणींवर मात करण्याचा मार्ग म्हणजे ज्ञाताकडून अज्ञाताकडे, एकेक पिढी मागे जाणे. शिरपूर तालुक्यातील एखाद्या पाटील कुटुंबाचे उदाहरण गृहीत धरू. आजोबांच्या शाळेच्या नोंदीतून त्यांचे जन्मगाव मिळेल. त्या गावच्या कोतवाल बुकातून पणजोबांचे नाव व जात कळेल. वारस नोंदीतून पणजोबांची भावंडे समजतील. हीच भावंडे त्याच क्रमाने नाशिकच्या नामावळीत आढळली आणि तेथे पूर्वीच्या गावाचा उल्लेख असला, तर शोध पक्क्या पायावर उभा राहतो. शाळेचा दाखला आणि त्यावरूनच तयार झालेला दुसरा दाखला हे दोन पुरावे नव्हेत. भिन्न हेतूंनी, भिन्न व्यक्तींनी केलेल्या नोंदी एका माणसावर येऊन मिळाल्या, तरच पडताळणी झाली असे म्हणता येते.

नोंदींचे वर्तमान मूल्य

महाराष्ट्रात पूर्वजांचा शोध हा केवळ जिज्ञासेचा विषय राहिलेला नाही. जात प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांच्या वेळचे कुटुंबाचे वास्तव्य विचारात घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधील एका निर्णयात स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक वजन दिले पाहिजे, असे म्हटले आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीमुळे अशा जुन्या दप्तरांकडे संपूर्ण राज्याचे लक्ष वेधले गेले.

या व्यवस्थेत स्थलांतरित कुटुंबाची स्थिती सर्वांत अवघड होते. त्याचा पुरावा ज्या गावात आहे ते गाव त्याला ठाऊक नसते आणि ज्या गावात तो राहतो तेथे पुरावा नसतो. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले, त्यांतून पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्याने एकाच कुटुंबाचा माग घेण्यासाठी अनेक कचेऱ्यांची दप्तरे धुंडाळावी लागतात. जे पान वाळवीने खाल्ले, त्या पानाबरोबर एखाद्या मुलाचा शिक्षणातील हक्कही जाण्याची शक्यता असते. या नोंदींना आर्थिक व राजकीय मूल्य आल्यामुळे त्यांत फेरफार करण्याचा मोहही वाढतो. म्हणून शाई, अक्षरवळण, अनुक्रमांक व मागील-पुढील नोंदी यांची तपासणी संशोधकानेही केली पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. खान्देशातील स्थलांतरिताचे मूळ गाव मुख्यतः समाजाने ठेवलेल्या नोंदींत, तर त्याच्या जीवनातील निश्चित दिनांक शासकीय नोंदींत सापडतात. दोहोंची सांगड घातल्याशिवाय शोध पूर्ण होत नाही.

२. भूमिहीन व आदिवासी कुटुंबांसाठी कोतवाल बुक व शाळेचे जनरल रजिस्टर हेच प्रमुख आधार आहेत. त्यामुळे त्यांच्या जतनाला अग्रक्रम मिळणे हे सामाजिक न्यायाशी निगडित आहे.

३. भाटांच्या वह्या व नामावळी खासगी मालकीच्या आहेत. त्यांच्या धारकांचा मान व उपजीविका यांना बाधा न येता त्यांच्या प्रती तयार होणे आवश्यक आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे हा इतिहासाचा पाया मानला. त्यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने त्याच शहरात संशोधन मंडळ उभे राहिले. त्या परंपरेचा विस्तार सामान्य कुटुंबांच्या कागदांपर्यंत करण्याचे कार्य महाविद्यालयांतील इतिहास विभागांना मोडी वर्ग व ग्रामदप्तरांच्या सूची यांद्वारे हाती घेता येईल. खान्देशातील हजारो कुटुंबे रोजगारासाठी सुरतेला स्थायिक झाली आहेत. त्यांची पुढील पिढी आपल्या मूळ गावाचा शोध घेत येईल, तेव्हा तिच्या हाती काय लागेल, हे आज या वह्यांची किती काळजी घेतली जाते यावर अवलंबून आहे.