विस्मृत पूर्वजांचा शोध

आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेची वंशावळ अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात कोरलेली आहे. परंतु अक्षरे झिजल्यामुळे आरंभीची नावे नीट लागत नव्हती. इ. स. १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला, आणि सर्वसेन व त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती हे विस्मृत पूर्वज इतिहासास परत मिळाले.

राजघराण्याची ही कथा, तर आपल्यासारख्या कुटुंबांची काय कथा! तरीही साधने अगदीच नाहीत असे नव्हे. गावच्या कोतवालबुकात जन्ममृत्यूच्या, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या कुळांच्या नोंदी सापडतात. वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला व १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणून शोधकाने अकोल्याची दप्तरेही पाहावीत.

मात्र एक उणीव आम्हांस फार खटकते. आपल्या वंशवृक्षांत बहुधा पुत्रांचीच नावे असतात. म्हणजे निम्मे पूर्वज आपणच विस्मृतीत लोटतो. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतील राणी प्रभावतीगुप्ता हिने आपल्या ताम्रपटात माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ अभिमानाने दिली आहे. तो धडा आपण गिरवावा.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती की, जुनी बाडे रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास दाखवावीत. आणि घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर आजी-पणजीचे नाव, माहेरचे आडनाव व गाव विचारून लिहून ठेवावे.